दारुड्यांचं भजनी मंडळ

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगांना मी बरीच वर्षं याच नावाने ओळखत होतो. हे नाव मीच पाडलं, याचा थोडा अभिमानही होता. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझं मेडिकलचं दुकान आहे. शिक्षण बी. फार्म., विचाराने अंधश्रद्धा निर्मूलनवाला, देवळात बसलो तर सावलीसाठी. त्यामुळे मत पक्कं होतं. व्यसन म्हणजे मेंदूतल्या रसायनांची गडबड, ती रसायनांनीच निस्तरायची. शाळेच्या वर्गात रात्री आठ-दहा पिणारे जमतात, एकमेकांना रडगाणी ऐकवतात आणि आपल्याहून मोठ्या कुठल्याशा शक्तीला शरण जातात, याला उपचार म्हणायचं? आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवायची, आणि तीही देवाच्या भरवशावर!

शिवाय गोळी माझ्या कपाटात होती. डायसल्फिरम. दारू पोटात गेली की शरीर तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं आणि मग त्याचीही विल्हेवाट लावतं. ही गोळी ती विल्हेवाट अडवते. गोळी घेतलेल्याने एक पेग जरी मारला तरी तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, कधी रक्तदाब धाडकन खाली येतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. मला या सगळ्याचं फार कौतुक वाटे.

दुकानात बायका यायच्या. गर्दी ओसरेपर्यंत बाजूला थांबायच्या, मग हळूच विचारायच्या, "भाऊ, दारू सुटायचं औषध आहे का? त्यांना न कळता द्यायचंय. कणकेत मळता येतं म्हणतात." नकळत दारू सोडवण्याच्या जाहिराती भिंतीभिंतीवर रंगवलेल्या, त्यांचा काय दोष? चिठ्ठीशिवाय मी गोळी देत नसे आणि नकळत द्यायला तर साफ नकार. पोटात गोळी आहे हे ठाऊक नसलेला माणूस गुत्त्यावर जाऊन बसला तर जिवावर बेततं. हे समजावून मी त्यांना परत पाठवायचो. कुठे पाठवायचो, असं कुणी विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं. चिठ्ठी घेऊन येणाऱ्यांचंही एक होतं. पहिली स्ट्रिप नेणारे पुष्कळ, तिसरी न्यायला येणारे अगदी थोडे. दुकानदार असून हा हिशेब मी कधी मांडला नाही.

मग घरातलंच प्रकरण निघालं. माझा मेव्हणा, सरकारी नोकरीतला, हुशार. त्याला दवाखान्यात ठेवलं तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, हातात पाण्याचा पेला धरवेना. डॉक्टरांनी औषधं दिली, बी-वनची इंजेक्शनं दिली, चार-सहा दिवसांत माणूस ताळ्यावर आला. इथे माझं शास्त्र खरं ठरलं आणि त्याबद्दलचं माझं मत आजही तसूभर हललेलं नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एका दिवसात दारू तोडू नये, फिट येऊ शकते, जीव जाऊ शकतो. कितीही चांगला गट असला तरी तो पुढचा भाग. आधी डॉक्टर.

घरी आल्यावर डायसल्फिरम सुरू झाली. काही महिने झकास गेले आणि एका लग्नानंतर तो पुन्हा दारू पिऊन घरी आला. ना उलटी, ना धडधड. नंतर त्यानेच सांगितलं, "दाजी, गोळीचा असर किती दिवस राहतो ते तुम्हीच सांगितलं होतं. मी लग्नाच्या तारखेपासून मागे मोजलं आणि तेव्हापासून गोळी गालात धरून बेसिनमध्ये थुंकत होतो."

या गोळीबद्दल नंतर जे वाचलं त्यातही हेच होतं. समोर उभं राहून कुणी ती गिळायला लावत असेल तर तिचा उपयोग चांगला होतो, नाहीतर यथातथाच. म्हणजे गोळी घ्यायची की थुंकायची हे ठरवणारा मेंदू पिणाऱ्याचाच, आणि तो मेंदू तर माझ्यापेक्षा पुढचा विचार करत होता.

मीटिंगला मी गेलो तो त्याच्या बायकोच्या आग्रहामुळे. बाहेरच्यांना चालेल अशी खुली मीटिंग होती. जिल्हा परिषदेच्या शाळेतला वर्ग, भिंतीवर बाराखडी, पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली मोठी माणसं. एकेक जण उठून सांगत होता, 'मी अमुक, मी मद्यपी आहे.' मी मनातल्या मनात टाळ वाजवत बसलो होतो. पण थोड्या वेळाने एक गोष्ट जाणवायला लागली. तिथे कुणी कुणाला सल्ला देत नव्हतं. आपल्याकडे गुडघा दुखतो म्हटलं तर पाच जण तेल सुचवतात. इथे माणूस बोलतो ते स्वतःचं, बाकीचे ऐकतात, तो बसला की दुसरा उठतो. मेव्हण्याची पाळी आली. त्याने गालातल्या गोळीची गोष्ट सांगितली आणि अर्धा वर्ग खो-खो हसला. याच गोष्टीवरून आमच्या घरी आठवडाभर रडारड झाली होती. इथे ते हसले, कारण निम्म्यांनी तेच केलं होतं. एकाने तर गोळी गालात विरघळू नये म्हणून काय करायचं तेही सांगितलं. मेव्हण्याच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत न पाहिलेलं काहीतरी आलं. सुटल्यासारखं.

चहाच्या वेळी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका त्याच्याजवळ आले. का पितोस, घरच्यांचा विचार कर, यातलं काही नाही. फक्त विचारलं, "उद्या संध्याकाळी सातला कुठे असशील?" सात ही त्याची वेळ. आम्ही घरच्यांनी आयुष्यभराच्या शपथा घातल्या होत्या, उद्याचे सात कुणी विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी सातला फोन आला. तिसऱ्या दिवशीही.

काकांना मी विचारलं, तुमची सुटून इतकी वर्षं झाली, अजून का येता? ते म्हणाले, "तुमच्या मेव्हण्यासाठी येतो असं वाटतंय का तुम्हाला? बरेच दिवस नवीन माणूस आला नाही की मला धास्ती वाटते. हात कसे थरथरायचे ते मी विसरायला लागतो."

माझं मत फिरलं ते इथे. मदत सुटलेल्याकडून न सुटलेल्याकडे वाहते, असं मी धरून चाललो होतो. मग ॲनॉनिमसचा इतिहास वाचला. मे 1935, अमेरिकेतलं ॲक्रन गाव. बिल विल्सन नावाचा, काही महिन्यांपूर्वीच दारू सोडलेला माणूस धंद्यात आपटी खाऊन हॉटेलच्या लॉबीत उभा. एकीकडे बारचा गलबला, दुसरीकडे टेलिफोन. त्याने चर्चवाल्यांना फोन लावून आपल्यासारखाच एखादा पिणारा भेटेल का, अशी चौकशी केली. ती त्या पिणाऱ्याला सुधारण्यासाठी नव्हती, आपण त्या बारमध्ये शिरू नये म्हणून होती. अशी ओळख झाली ती डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी. हे गृहस्थ सर्जन! दारू शरीरात काय करते हे माझ्यापेक्षा शंभरपट जास्त जाणणारा माणूस पितच होता आणि सुटला तो दुसऱ्या दारुड्याशी बोलून.

आकड्यांशिवाय माझं समाधान होत नाही. कोक्रेन या संस्थेने 2006 साली अभ्यास तपासून सांगितलं होतं की ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांच्या पद्धतीचा उपयोग होतो याला ठोस पुरावा नाही. ते वाक्य मी लोकांच्या तोंडावर फेकत असे. 2020 साली कोक्रेननेच 27 अभ्यास आणि 10,565 माणसं धरून पुन्हा तपासलं. या मार्गाला पद्धतशीर लावून दिलेल्यांपैकी वर्षानंतर पूर्ण कोरडे राहिलेले 42 टक्के, मानसोपचारासारख्या इतर उपचारांत 35. फार मोठा फरक नाही, आणि निम्म्याहून जास्त जण दोन्हीकडे घसरलेलेच. पण भजनी मंडळ शास्त्राच्या पुढे निघालं होतं हे मला लिहून ठेवणं भाग आहे.

हे सगळं आपल्या दारातही होतं. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या मदतीने मुक्तांगण उभं केलं. तिथले कितीतरी कार्यकर्ते एकेकाळी तिथेच रुग्ण होते. आणि साताऱ्याचं 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्र तर डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं. त्यांची भाषणं मी पहिल्या रांगेत बसून ऐकली. हे काम मात्र डॉक्टरांचं, असं म्हणून बाजूला ठेवलं.

एकदा भारावून मी त्या गटाला थोडे पैसे देऊ केले. घेतले नाहीत. बाहेरच्यांकडून घेत नाही, डबा फिरतो त्यात सभासदच टाकतात. जिथे पंखा दिला तरी पात्यावर दात्याचं नाव रंगवतात अशा प्रांतात हे ऐकून मी पाकीट खिशात घातलं.

देवाचं काय, हे मला अजून पटलेलं नाही. मोठी शक्ती म्हणजे हा गटच समज, असं काका म्हणतात. ही पळवाट आहे असं मी म्हणतो आणि आमचा वाद रंगतो. बायका त्या वर्गात जवळजवळ दिसत नाहीत, हेही खटकतं. पिणाऱ्या बाईने शाळेच्या वर्गात उठून नाव सांगावं इतकं गाव मोठं झालेलं नाही. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल्-ॲनॉन नावाचे वेगळे गट असतात. कणकेतलं औषध मागायला येणाऱ्यांना मी आता आधी या गटांबद्दल सांगतो.

आणि तंबाखू. मीटिंग संपली की शाळेच्या फाटकाशी निम्मे तळहात चुना मळतात. बिल विल्सन स्वतः दारूतून सुटला आणि 1971 मध्ये सिगरेटने निकामी केलेल्या फुप्फुसांनी गेला. 2016-17 च्या पाहणीत महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू घेणारे निघाले, त्यातले बहुतेक खाणारे. त्यांत मी आहे. निकोटिनचं गम माझ्याच दुकानात, दोन मिलिग्रॅम आणि चार मिलिग्रॅम, कुठलं कुणाला द्यायचं ते तोंडपाठ. मेव्हणा म्हणाला, "दाजी, तुम्ही पुडी टाका, मीही टाकतो." माझी कठीण वेळ दुपारच्या जेवणानंतरची, तेव्हा त्याचा फोन येतो. परवाही आला. जेवण झालं का, आता काय करताय, असं विचारलं. बिलं लावतोय, असं मी सांगितलं.

"आवाज येतोय दाजी," तो म्हणाला. "चुना मळताय."