साखळी कोणी काढली?

१५ ऑगस्टच्या निमित्ताने आमच्या कोरीटच्या शाळेत चित्रकला स्पर्धा होती. विषय मीच दिला होता: 'गुलामगिरीच्या साखळ्या'. बहुतेक मुलांनी भारतमाता काढली, तिच्या हातांतल्या तुटलेल्या बेड्या काढल्या. सहावीतल्या एका मुलाने मात्र एक बंद दार काढले. दाराला साखळी, साखळीला कुलूप. बाकी कागद कोरा. याला विषयच कळला नाही, असे म्हणत मी त्याला दहापैकी तीन गुण दिले आणि कागद कपाटात टाकला.

दिवाळीच्या सुट्टीत खुलताबादला जायचे ठरले. मलिक अंबरचा मकबरा पाहायचा, असा आमच्या मुलीचा हट्ट होता. पहाटे नंदुरबार सोडले. धुळे, चाळीसगाव मागे टाकून गाडी कन्नडच्या घाटाला लागली. रस्ताभर ऊसतोड कामगारांनी भरलेल्या गाड्या दिसत होत्या. त्यात भांडी, गोधड्या, कोंबड्या, आणि सर्वांत वर बसलेली मुले. दरवर्षी दिसणारे दृश्य, म्हणून मी फार लक्ष दिले नाही.

आधी दौलताबाद पाहिले. चांद मिनार मागे टाकून चढ लागला की चिनी महाल लागतो. नाव मोठे, आज शिल्लक आहेत त्या उघड्या भिंती आणि त्यांना चिकटून राहिलेले निळ्या-पांढऱ्या चिनी फरशांचे तुकडे. १६८७ मध्ये गोवळकोंडा पडला तेव्हा कुतुबशाहीचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला इथे आणून ठेवले. तो पुन्हा आपल्या मुलखात गेला नाही. मरेपर्यंत कैदेतच राहिला.

मुलीने भिंती न्याहाळून विचारले, "अम्मी, इथे कैदी होता, मग साखळी कुठे आहे?"

मी म्हटले, "बादशाहाच्या कैदेला साखळी लागत नाही, बेटा. सुंदर फरशाही पुरतात."

तिला उत्तर देऊन मी स्वतःच विचारात पडले. जगात साखळदंडांची चित्रे काही कमी नाहीत. इराणमध्ये बेहिस्तूनच्या कड्यावर सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी दारा बादशाहाने आपला विजय कोरून घेतला. त्यात नऊ बंडखोर राजे हात मागे बांधलेले, गळ्यात एकच दोर घातलेले, रांगेत उभे आहेत. त्यांच्यासमोर दारा उंचापुरा, ते सगळे त्याच्याहून बुटके. १७८७ मध्ये इंग्लंडमध्ये गुलामांचा व्यापार बंद करू पाहणाऱ्यांनी एक छोटे पदक काढले. त्यावर बेड्या घातलेला आफ्रिकी माणूस गुडघ्यावर बसून हात जोडतो आहे. हेतू चांगला होता, पण तिथेही तो माणूस उभा नाही. पहिल्या चित्रात जिंकणाऱ्याचा गर्व आहे, दुसऱ्यात दया. बांधलेल्या माणसाला स्वतःला काय दिसत होते, ते दोन्हींत नाही.

दुपारी खुलताबादला पोहोचलो. मलिक अंबरचा घुमटाचा दगडी मकबरा शांत उभा आहे. फातिहा पढून आम्ही सावलीत बसलो आणि मी मुलीला त्याची हकीकत सांगितली. इथिओपियात सुमारे १५४८ मध्ये जन्मलेले हे मूल विकले गेले. मालक बदलत बदलत बगदादहून दख्खनेत आले. इथे त्याला निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने विकत घेतले, आणि हा चंगेजखानही एकेकाळी गुलामच होता. तोच मुलगा पुढे निजामशाहीचा आधार झाला. १६१० मध्ये त्याने खडकी शहर वसवले, तेच पुढचे औरंगाबाद. त्याने जमिनीखालून नहर काढून शहराला पाणी दिले.

जहांगीर बादशाहाला तो कधीच हाती लागला नाही. मग त्याच्या दरबारी अबुल हसन नावाच्या चित्रकाराने सुमारे १६१६ मध्ये एक चित्र रंगवले. ते आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. बादशाह पृथ्वीच्या गोलावर उभा राहून बाण मारतो आहे आणि समोर भाल्यावर मलिक अंबरचे कापलेले शीर आहे. प्रत्यक्षात अंबर त्यानंतर दहा वर्षे लढत राहिला आणि १६२६ मध्ये पिकल्या वयात वारला. जे रणात झाले नाही, ते कागदावर करून घेतले गेले. याच अंबरचे हाशिम या चित्रकाराने काढलेले चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पांढरा जामा, हाती तलवार, ताठ मान. बेडीची खूणही नाही. मी दोन्ही चित्रे मोबाइलवर मुलीला दाखवली. ती म्हणाली, "म्हणजे चित्र कोणी काढले, ते आधी विचारायचे."

याच खुलताबादेत तानाशाहाची कबर आहे आणि औरंगजेब बादशाहाची साधी, उघडी कबरही. कैद करणारा, कैदेत मेलेला आणि विकला जाऊनही उभा राहिलेला, तिघेही एकाच गावच्या मातीत आहेत.

परतताना घाट उतरत होतो. सूरह बलद आठवली. तिथे 'अकबा' हा शब्द येतो, म्हणजे डोंगरातली अवघड चढण. ती चढण कोणती, तर पहिलेच उत्तर येते: मान सोडवणे. अरबीत 'रकबा' म्हणजे मान. गुलामाला मुक्त करणे म्हणजे त्याची मान मोकळी करणे. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी हजरत बिलाल (रजि.) यांना विकत घेऊन मुक्त केले, ते याच वाटेने. हे सारे मला पाठ होते. वर्गात अनेकदा सांगितलेही होते.

सुट्टी संपून शाळा उघडली. हजेरी घेताना त्या मुलाचे नाव आले, उत्तर आले नाही. "बाई, ते गेले ऊस तोडायला," मुले म्हणाली. संध्याकाळी मी त्याच्या घराकडे गेले. दार बंद. दाराला साखळी, साखळीला कुलूप.

मी तिथेच उभी राहिले. ते चित्र हुबेहूब माझ्यासमोर होते.

शेजारणीने सांगितले की वडिलांनी पावसाळ्यात आजारपणासाठी मुकादमाकडून उचल घेतली होती. गेल्या वर्षीचीही थोडी फिटायची राहिली होती. ती फिटेपर्यंत कोयता हातातून सुटणार नाही. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे. कागदावर साखळी तुटली आहे. त्या मुलाने मात्र दिसले तेच काढले होते. स्पर्धेत विषय कळला होता तो त्यालाच. कळला नव्हता तो मला.

दुसऱ्या दिवशी कपाटातून कागद काढला. तीनचे दहा करून काय होणार होते? तरी केले. मग मुख्याध्यापकांना भेटून शिक्षण हमी कार्डासाठी त्याचे नाव लावले. जिथे कुटुंब थांबेल, तिथल्या शाळेत त्याला बसता यावे म्हणून. वडिलांचा फोन लागला तेव्हा उचल किती उरली, तेही विचारले. ते आधी बोलेनात, मग म्हणाले, "बाई, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं."

वाचक बंधू-भगिनींनो, रमजानमध्ये आपण हिशेब मांडतो. जकातीचे नियम आलिमांना विचारावेत. सदक्याचे दार तर सर्वांसाठी उघडे आहे. त्या हिशेबात आपल्या गल्लीतले, आपल्या गावातले असे एक बंद दार असू द्या. साखळी दिसत नसेल, तर त्या घरातल्या मुलाला एक कोरा कागद द्या. तो काढून दाखवील.