मारलेला मोहरा पुन्हा पटावर

चंदीगडला गेलेला पाहुणा आधी नेकचंद यांचे रॉक गार्डन बघतो. मग सुखना सरोवरात पॅडलची होडी चालवतो, काठावर मक्याचे कणीस खातो आणि वेळ उरलाच तर सेक्टर एकमधल्या कॅपिटल कॉम्प्लेक्सकडे वळतो. वळतो तेव्हाही मनात शंका असतेच, की सरकारी कचेऱ्यांत बघण्यासारखे ते काय असणार? त्यातून इथे मोकळेपणाने हिंडता येत नाही. सचिवालय, विधानसभा आणि उच्च न्यायालय या तिन्ही इमारतींत रोजचा कारभार चालतो. त्यामुळे पहारा कडक असतो. ओळखपत्र दाखवायचे, नाव नोंदवायचे आणि ठरलेल्या वेळी गाइडबरोबर आत शिरायचे, अशी इथली रीत आहे.

पण एकदा आत गेले, की नजर विस्फारते. मागे शिवालिकच्या निळसर टेकड्या, वर मोकळे आभाळ आणि पायांखाली काँक्रीटचे अफाट मैदान. मैदानाच्या एका टोकाला विधानसभा, तर समोर दुसऱ्या टोकाला उच्च न्यायालय. विधानसभेच्या पाठीमागे सचिवालयाची २५४ मीटर लांबीची भिंतच उभी आहे. न्यायालयाच्या दारातले उंच खांब हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगांत रंगवलेले. विधानसभेच्या माथ्यावर वीजकेंद्राच्या धुराड्यासारखा भव्य मनोरा. आणि या साऱ्यांपासून थोड्या अंतरावर, वाऱ्याबरोबर फिरणारा, २६ मीटर उंचीचा धातूचा उघडा हात. एखाद्या राक्षसी पटावर मोजकेच मोहरे मांडून खेळाडू जेवायला उठून गेले असावेत, असे हे दृश्य दिसते.

पटाची ही उपमा वरवरची नाही. २०१६ साली युनेस्कोने स्विस-फ्रेंच वास्तुशिल्पी ल कॉर्बुझिए यांच्या १७ वास्तूंना एकत्रितपणे जागतिक वारशाचा मान दिला. सात देशांत विखुरलेल्या या वास्तूंत भारतातले आहे ते हे कॅपिटल कॉम्प्लेक्स आणि जपानमधले आहे ते टोकियोच्या उएनो उद्यानातले पाश्चात्त्य कलेचे राष्ट्रीय संग्रहालय. एकाच माणसाच्या हातून उतरलेली ही दोन भावंडे. आणि भारत-जपानमध्ये आणखीही दोन भावंडे आहेत. एक आपले बुद्धिबळ, दुसरे जपानचे शोगी.

पंजाबातला हत्ती, जपानचा सरदार

बुद्धिबळाची गंगोत्री भारतातली. हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ अशा चार अंगांच्या सेनेचा म्हणून तो चतुरंग. हा खेळ इराणमार्गे अरबांकडे आणि तिथून युरोपात गेला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपने त्याची चाल वेगवान केली. एक घर तिरके सरकणाऱ्या बिचाऱ्या मंत्र्याला राणी करून पटभर मोकाट सोडले. आज आपण वजीर म्हणून खेळवतो तो हाच.

दुसरी शाखा पूर्वेला गेली. ती चीनमार्गे जपानला पोचली की आग्नेय आशियातून, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण नारा शहरातल्या कोफुकुजी देवळाच्या आवारात सापडलेल्या शोगीच्या सोंगट्यांसोबत १०५८ सालाची नोंद असलेली लाकडी पट्टी मिळाली आहे. म्हणजे साडेनऊशे वर्षांपूर्वी जपानी माणूस हा खेळ खेळत होता, हे नक्की.

आता पंजाबचा धागा. महमूद गझनीच्या काळात अल्-बिरुनी हा विद्वान भारताच्या वायव्य भागात, पंजाबात वावरला. १०३० च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात त्याने इथल्या चौघांनी खेळायच्या बुद्धिबळाचे वर्णन केले. त्यातला हत्ती एक घर सरळ पुढे किंवा चार कोपऱ्यांपैकी कुठेही एक घर तिरका जाई. चार कोपरे म्हणजे हत्तीचे चार पाय आणि पुढचे घर म्हणजे सोंड, असा त्याचा खुलासाही त्याने नोंदवला. भारतात ही चाल मागे पडली. पण शोगीतला ‘गिन’, म्हणजे चांदीचा सरदार, आजही नेमक्या याच पाच घरांत चालतो! थायलंड आणि म्यानमारच्या बुद्धिबळातही ही चाल टिकून आहे.

रंग नाही, राणी नाही

बुद्धिबळ येणाऱ्या माणसाने शोगीचा पट पहिल्यांदा पाहिला, की तो बुचकळ्यात पडतो. पट ६४ ऐवजी ८१ घरांचा, नऊ बाय नऊ. काळी-पांढरी घरे नाहीत, नुसत्या रेघा. दोन्ही बाजूंच्या सोंगट्या एकाच रंगाच्या, लाकडाच्या चपट्या पाचकोनी फळ्या. त्यांवर जपानी चित्रलिपीत नावे. मग आपली कोणती आणि शत्रूची कोणती, हे कसे कळायचे? टोकावरून. सोंगटीचे निमुळते टोक ज्याच्याकडे रोखलेले, त्याची ती शत्रू.

प्रत्येकाकडे २० सोंगट्या. मध्ये राजा. त्याच्या दोन्ही अंगांना सोन्याचे दोन सरदार, मग चांदीचे दोन, मग दोन घोडे आणि कडेला दोन भाले. हत्ती एकच, उंटही एकच. पुढे नऊ प्यादी. वजीर मुळातच नाही. भाला फक्त सरळ पुढे धावतो. घोडाही अडीच घरे उडतो ती फक्त पुढेच, मागे-बाजूला वळत नाही. प्यादे समोर चालते आणि समोरच मारते, तिरके मारत नाही. सोन्याचा सरदार राजासारखा एक घर चालतो, फक्त मागच्या दोन तिरक्या घरांत जात नाही.

आपल्याकडे प्याद्याचा वजीर होतो. शोगीत राजा आणि सोन्याचे सरदार सोडून सगळ्यांनाच बढती मिळते आणि तीही शत्रूच्या पहिल्या तीन ओळींत शिरले, की लगेच. सोंगटी उलटी करायची, मागे नवे नाव लिहिलेले असते. हत्तीचा ‘ड्रॅगन राजा’ होतो, उंटाचा ‘ड्रॅगन घोडा’. साध्या प्याद्याला सोन्याच्या सरदाराचे बळ येते.

हे सगळे दोन संध्याकाळींत पाठ होते. चित्रलिपीची भीतीही तेवढीच. सोंगट्या एकूण आठ प्रकारच्या आणि अक्षरे ओळखायची, वाचायची नाहीत. खरी कसोटी पुढे लागते.

कैदी कामाला लागतात

बुद्धिबळात मारलेला मोहरा डबीत जातो. खेळ संपेपर्यंत त्याचे तोंड दिसत नाही. शोगीत तो मारणाऱ्याच्या हाती येतो आणि पुढच्या कोणत्याही खेळीला, चाल करण्याऐवजी, तो पटावरच्या रिकाम्या घरात आपला म्हणून ठेवता येतो. सोंगट्या एकाच रंगाच्या का, ते आता लक्षात येते. टोक फिरवले, की बाजू बदलली. बंधने थोडीच. ज्या उभ्या ओळीत आपले साधे प्यादे आधीच आहे तिथे दुसरे ठेवायचे नाही, नुसते प्यादे ठेवून थेट मात द्यायची नाही आणि जिथून हलताच येणार नाही अशा घरात सोंगटी ठेवायची नाही. बढती मिळालेली सोंगटी पकडली गेली, तर ती मूळ पदावर येते.

या एका नियमाने सारा हिशेब पालटतो. बुद्धिबळात एखादा मोहरा वरचढ असला, की बदल्यास बदला करून पट रिकामा करायचा, हे पहिल्या वर्षीच शिकवतात. शोगीत बदला केला, की दोघांच्याही हातात दारूगोळा येतो. पट कधी ओस पडत नाही. शेवटी किती सोंगट्या जास्त यापेक्षा कोण एक खेळी आधी पोचतो, यावर डाव ठरतो. बुद्धिबळात एका वेळी सरासरी ३५ खेळ्या शक्य असतात, तर शोगीत सुमारे ८०. बरोबरी क्वचितच होते. आयबीएमच्या डीप ब्लू संगणकाने १९९७ साली कास्पारॉव्हला हरवले. शोगीत तत्कालीन ‘मेइजिन’ सातो अमाहिको यांना संगणकाने हरवायला २०१७ साल उजाडावे लागले.

तरीही एक खेळ येणाऱ्याला दुसरा परका नाही. १९९६ साली शोगीचे सातही किताब एकाच वेळी मिळवणारे हाबू योशिहारू हे बुद्धिबळातही जपानच्या अव्वल खेळाडूंत गणले गेले.

मारलेल्या सोंगटीच्या या नियमावर एकदा चक्क जाब द्यावा लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान अमेरिकी सैन्याच्या ताब्यात होता. १९४७ साली आपल्याला लष्करी मुख्यालयात बोलावणे आले, असा किस्सा नामवंत खेळाडू मासुदा कोझो सांगत. पकडलेल्या सैनिकाला त्याच्याच राजाविरुद्ध लढवणे म्हणजे युद्धकैद्यांचा छळ नव्हे काय, असा आक्षेप होता. मासुदांनी उलट सुनावले, की कैद्यांना ठार मारतो तो तुमचा खेळ. आमच्याकडे कोणी मरत नाही. ज्याला त्याला त्याच्या पदानुसार काम मिळते.

उघड्या हाताखाली

आता टोकियोच्या संग्रहालयाची गोष्ट बघा. जहाजबांधणी उद्योजक मात्सुकाता कोजिरो यांनी युरोपात हजारो चित्रे-शिल्पे विकत घेतली. त्यांतली पॅरिसमध्ये राहिलेली चित्रे युद्धानंतर शत्रूची मालमत्ता म्हणून फ्रान्सच्या ताब्यात गेली. पुढे फ्रान्सने त्यांतल्या सुमारे ३७० कलाकृती जपानला द्यायचे ठरवले. अट एकच, त्यांच्यासाठी संग्रहालय बांधायचे. ते काम ल कॉर्बुझिए यांच्याकडे आले आणि १९५९ साली संग्रहालय उघडले. पकडलेल्या सोंगट्या पुन्हा पटावर आल्या.

आणि चंदीगड? १९४७ च्या फाळणीत पंजाबचे लाहोर गेले. लाखो माणसे एका रात्रीत निर्वासित झाली. राजधानी काही काळ सिमल्यात थाटावी लागली. गमावलेल्या राजधानीच्या जागी शिवालिकच्या पायथ्याशी, मोकळ्या रानात नवे शहर मांडायचे ठरले. त्यासाठी इथल्या अनेक गावांनाही आपली जमीन सोडावी लागली. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी त्याचे उद्घाटन केले. घरदार मागे टाकून आलेल्या माणसांच्या हातात काही राहिले नव्हते असे वाटते खरे, पण त्यांचा व्यापार, शेती, विद्या, कारागिरी त्यांच्यासोबत आली होती. ती नव्या घरांत मांडली गेली.

कॅपिटल कॉम्प्लेक्समधले हुतात्मा स्मारक फाळणीच्या बळींची आठवण देते. इथे एक फरक विसरता येत नाही. शोगीत कोणी मरत नाही, १९४७ साली माणसे मेली. ती परत मांडता येत नाहीत. म्हणूनच जे वाचले त्यांनी काय उभारले, हे या मैदानात उभे राहून बघण्यासारखे आहे.

या पटाची पुढची गंमत अशी, की त्यावर दोन खेळाडू एकाच बाजूला बसतात. १ नोव्हेंबर १९६६ रोजी हरियाणा वेगळा झाला. चंदीगड केंद्रशासित ठरले आणि दोन्ही राज्यांची राजधानीही. शहरावर दोघांचाही दावा आहे आणि त्यावरून वाद अजून मिटलेला नाही. तरी विधानसभेची इमारत दोघांत वाटलेली आहे, सचिवालयही तसेच आणि उच्च न्यायालय दोघांचे एकच. भांडण आहे, पण कामकाज थांबलेले नाही.

कॉर्बुझिए यांच्या कल्पनेतला उघडा हात द्यायला उघडा आहे, तसाच घ्यायलाही. ते १९६५ साली वारले. ५० टन वजनाचा हा हात त्यानंतर वीस वर्षांनी, १९८५ साली उभा राहिला. शोगीचा खेळाडूही गमावलेल्यावर डोळे लावून बसत नाही. आपल्या हातात काय आहे, हे आधी बघतो.

घरच्या घरी

मुलांना हा खेळ शिकवायचा, तर जपानहून पट मागवायची गरज नाही. २००८ साली शोगी खेळाडू किताओ मादोका यांनी मुलांसाठी त्याचे छोटे रूप तयार केले. नाव ‘दोबुत्सू शोगी’, म्हणजे प्राण्यांचे शोगी. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर तीन घरे आडवी आणि चार उभी आखा. प्रत्येकाला चार सोंगट्या द्या. मागच्या ओळीत मध्ये सिंह, त्याच्या डावीकडे हत्ती, उजवीकडे जिराफ आणि सिंहापुढे कोंबडीचे पिल्लू. सगळे एकेकच घर चालतात. सिंह कुठेही, जिराफ सरळ, हत्ती तिरका, पिल्लू फक्त पुढे. पिल्लू चालत शेवटच्या ओळीत पोचले, की उलटे करायचे. त्याची कोंबडी होते आणि ती सोन्याच्या सरदारासारखी चालते. पकडलेला प्राणी टोक फिरवून आपला म्हणून कुठल्याही रिकाम्या घरात ठेवायचा. समोरचा सिंह पकडला किंवा आपला सिंह पलीकडच्या ओळीत सुखरूप पोचला, की डाव जिंकला.

डाव पाच-दहा मिनिटांत आटोपतो. पहिल्या काही डावांत बुद्धिबळ येणारे आजोबा नातवाकडून हमखास हरतात, कारण मारलेली सोंगटी परत येईल हे त्यांच्या ध्यानात राहत नाही. चंदीगडला जाताना हा पुठ्ठा पिशवीत टाका. गाइडची वेळ होईपर्यंत थांबावे लागतेच, तेवढ्यात दोन डाव सहज होतात.