राऊटरच्या पाठीमागे

तालुक्याच्या गावी इंटरनेट म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजकडून भाड्याने घेतलेली ६४ केबीपीएसची लीज लाइन, अशी परिस्थिती असताना एका सहकारी बँकेच्या शाखाशाखांतून राऊटर बसवण्याचे काम माझ्याकडे होते. राऊटरचा दर्शनी भाग केवळ दिव्यांचा. सारा कारभार चाले तो पाठीमागे, आणि म्हणून भिंतीला टेकलेले कपाट पुढे ओढून, टॉर्च दातांत धरून, त्यामागच्या धुळीत गुडघे टेकण्यावाचून गत्यंतर नसे.

शाखेतील मंडळी बिचकत ती सिरियल केबलला. व्ही.३५ जातीची ती अंगठ्याएवढी जाड केबल, एका टोकास राऊटरसाठी ६० पिनांचे तोंड आणि दुसऱ्या टोकास मोडेमसाठी चौकोनी, अवजड ठोकळा, हे प्रकरण दिसायला भयंकर होते खरे. परंतु माझा अनुभव असा, की तिच्याइतकी प्रामाणिक वस्तू त्या कपाटात दुसरी नव्हती. ती उलटी बसतच नसे. पिना वाकू नयेत म्हणून तिचा भार एका हाताने तोलून दोन्ही बाजूंचे स्क्रू आळीपाळीने, थोडेथोडे पिळले, की तिच्यापुरता प्रश्न मिटे. मृदंगाने ठेका धरावा आणि टाळकऱ्यांनी त्याबरहुकूम चालावे, तसा मोडेमने क्लॉक द्यायचा व राऊटरने तो पाळायचा. पैकी राऊटर कोणत्या बाजूचा, हे केबलवरच डीटीई अशा अक्षरांनी नमूद असे.

खरी सावधगिरी हवी असे ती इथरनेटच्या नाजूक केबलपाशी. इथरनेट आणि कन्सोल या दोन्ही पोर्टांची तोंडे हुबेहूब आठ पिनांची; पोर्टाभोवतीचा पिवळा रंग इथरनेटचा आणि फिकट निळा कन्सोलचा, एवढाच काय तो कंपनीने केलेला बंदोबस्त. केबल दोहोंतही सारख्याच राजीखुशीने खट्‌कन बसे. मात्र कन्सोल हा ९६०० बॉडच्या मंद गतीने राऊटरला आज्ञा देण्यापुरता असल्यामुळे तेथे बसलेल्या इथरनेट केबलच्या दुसऱ्या टोकाला स्विचवरचा दिवा काही केल्या लागत नसे. त्यात पुन्हा सरळ केबल आणि क्रॉस केबल यांचे बाह्यरूप एकच. पारदर्शक प्लगमधून नारिंगी व हिरव्या तारांच्या जोड्यांनी दुसऱ्या टोकाला आपापल्या जागा बदलल्या आहेत काय, हे डोळे बारीक करून पाहावे लागे.

पडद्यावर सिरियल आणि लाइन प्रोटोकॉल दोन्ही ‘अप’ दिसले, की शाखाधिकारी समाधानाने त्या जाड केबलकडे बोट दाखवून “ही तेवढी कोणाचा हात लागणार नाही अशी ठेवा हो,” अशी सूचना करीत. मी तिला ऐसपैस वळण देऊन भिंतीलगत बांधून टाकी. परंतु नावाची चिठ्ठी चिकटवी ती आधी पिवळ्या पोर्टातल्या केबलला, आणि तीही दोन्ही टोकांना.