आमचं फ्रेस्नो, तालुका तासगाव

वाईन म्हटलं की पुण्या-मुंबईच्या ऑफिसातल्या मंडळींना नाशिक आठवतं. टीम आउटिंग, लाँग वीकेंड, वेलींसमोर ग्लास उंचावलेला फोटो. माझा प्रॉब्लेम असा, की मी तासगावची. द्राक्षांच्या गावची म्हटलं की समोरच्याचे डोळे चमकतात. ‘वॉव, म्हणजे तुमची वाईनरी असेल ना?’ नाही हो. आमचं बेदाण्याचं शेड आहे. हिरवी जाळी, लोखंडी रॅक आणि मार्चमधलं रणरणतं ऊन. फोटो काढण्यासारखं त्यात फारसं काही नाही.

गेल्या दिवाळीत धाकट्या चुलत भावानं विषय काढला. ‘तायडे, तू नापाला जाऊन आलीस न्हवं? मग सांग की, आपल्याकडं का जमत न्हाय?’ त्याला दोन एकरांवर वाईनची द्राक्षं लावायची आहेत. रस्त्याकडेला छोटी टेस्टिंग रूम, मागं दोन खोल्या, पुण्या-कोल्हापूरची गिऱ्हाइकं. कर्ज काढायचंय आणि त्यात माझी सही हवी आहे. म्हणजे प्रश्न गप्पांचा नव्हता, माझ्या पगाराचा होता.

नापाला मी गेले होते, हे खरं. ऑफिसच्या कामासाठी कॅलिफोर्नियात सहा महिने होते आणि तिथे आलेला प्रत्येक देशी माणूस एका तरी शनिवारी नापाला जातोच. रॉबर्ट मोंडावी यांनी 1966 मध्ये तिथे वाईनरी काढली. 1976 मध्ये पॅरिसच्या एका ‘ब्लाइंड’ चाचणीत फ्रेंच परीक्षकांनी चक्क फ्रेंच वाइन्सना मागे टाकून नापाची रेड आणि नापाचीच व्हाइट पहिली काढली. तेव्हापासून अमेरिकन वाईन म्हणजे नापा, असं जगाच्या डोक्यात बसलं. गंमत म्हणजे कॅलिफोर्नियाच्या एकूण वाईनपैकी नापाची जेमतेम चार टक्के. बाकीची बरीचशी येते दक्षिणेच्या सपाट, तापलेल्या सॅन वॉकिन खोऱ्यातून, जिथे टूरिस्ट फिरकत नाही.

मी फिरकले, ते एका कलीगचे नातेवाईक फ्रेस्नोला राहतात म्हणून. सप्टेंबर होता. हायवेवरून गाडी आत वळली आणि मी ओरडलेच. वेलींच्या दोन ओळींमध्ये, जमिनीवर कागद अंथरून द्राक्षं वाळत घातलेली. मैलच्या मैल. आपल्यासारखं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलमध्ये बुडवणं नाही, शेड नाही. सरळ उन्हात, म्हणून त्यांचा बेदाणा काळा. पण द्राक्ष? द्राक्ष आमचंच. थॉमसन सीडलेस.

म्हणजे खरं तर त्यांचंच. मूळ जात तुर्कस्तान-इराणकडची, सुलताना. विल्यम थॉमसन नावाच्या इंग्रज माणसानं 1872 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या नर्सरीतून तिच्या काड्या मागवून उत्तर कॅलिफोर्नियात लावल्या आणि द्राक्षाला त्याचं नाव चिकटलं. पुढे ती आपल्याकडे आली, आणि तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी त्याच थॉमसनमधून ‘तास-ए-गणेश’ निवडून काढली. सोलापूरच्या नान्नजला नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ काढली, तीही थॉमसनमधूनच. आमच्याकडे या नावांना जो मान आहे, तो बोर्डो-बर्गंडीला नाही.

बोर्डोचं नाव मात्र आमच्या काकांच्या तोंडी रोज असतं! मोरचूद आणि चुना कालवून फवारायचं ते ‘बोर्डो’. दावण्या रोग अमेरिकन वेलींबरोबर युरोपात पोचला आणि 1880 च्या दशकात फ्रान्समधल्या बोर्डोच्या द्राक्षमळ्यांत त्यावर हा उतारा सापडला. त्याआधी अमेरिकेतूनच गेलेल्या फिलॉक्सेरा नावाच्या किडीनं फ्रान्सचे मळे मुळापासून खाल्ले होते. इलाजही अमेरिकेचाच. तिथल्या रानवेलींच्या मुळांना ही कीड फारसं काही करू शकत नाही. तेव्हा खाली अमेरिकन खुंट आणि वर फ्रेंच कलम. टेक्सासचे टी. व्ही. मन्सन यांनी या कामात मोठी मदत केली, आणि 1888 मध्ये फ्रान्सनं त्यांना मानाचा किताब दिला.

याच मन्सननी टेक्सासच्या रानातून निवडलेला एक खुंट म्हणजे ‘डॉगरीज’. नव्वदच्या दशकापासून महाराष्ट्रात तो धडाक्यानं पसरला, कारण खारट पाणी आणि दुष्काळ तो सोसतो. तासगाव, कवठेमहांकाळ, जतच्या शेतकऱ्याला आणखी काय हवं? आमच्या बागेत खाली टेक्सास आहे आणि वर कॅलिफोर्निया. मधे काका.

मग वाईन का नाही? पहिलं उत्तर द्राक्षातच आहे. थॉमसनला गोडी आहे, पण स्वतःचा असा स्वाद जवळजवळ नाही. सत्तरच्या दशकात अमेरिकेत व्हाइट वाईनची लाट आली, तेव्हा फ्रेस्नोकडची थॉमसन टनांनी पिळून स्वस्त वाईनमध्ये घातली गेली आणि बाटलीवर बिनदिक्कत ‘शाब्ली’ असं फ्रेंच गावाचं नाव छापलं गेलं. भरतीचं द्राक्ष होतं ते. चांगल्या वाईनला बारीक मण्यांची, कमी उत्पन्नाची वेगळी द्राक्षं लागतात. ती खायला नीट नाहीत, त्यांचा बेदाणा कोणी घेत नाही. म्हणजे कंपनीनं नाही उचलली तर संपलं.

हे आमच्या घरात पुस्तकातून कळलेलं नाही. 2001 मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, वाईनवरचं उत्पादन शुल्क माफ केलं आणि दोन वाईन पार्क जाहीर केले. गोदावरी पार्क नाशिकच्या विंचूरला, कृष्णा पार्क आमच्या पलूसला. पलूस म्हणजे इकडे किर्लोस्करवाडी, तिकडे चितळ्यांची भिलवडी. उद्योग कसा उभा राहतो ते या भागाला शिकवायला नको. काकांनी उत्साहात एकरभर वाईनची द्राक्षं लावली, एका कंपनीशी करार केला. दोन हंगाम बरे गेले. मग 2008 ची मंदी, नोव्हेंबरमध्ये मुंबईवरचा हल्ला, हॉटेलं ओस. राज्यभर टाक्यांमध्ये वाईन पडून राहिली. आमच्या कंपनीचा माणूस फोन उचलेना. काकांनी आणखी एक हंगाम वाट पाहिली आणि मग एका सकाळी कोणाला न सांगता वेली बुंध्यापासून तोडल्या. काकू अजून त्या तुकड्याला ‘वाईनचं रान’ म्हणतात. आता तिथे ऊस आहे.

नाशिक मात्र सावरलं. राजीव सामंत कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून आले, सोनोमाचे केरी डॅम्स्की त्यांना सल्लागार मिळाले आणि 2000 मध्ये सुलाची पहिली वाईन बाजारात आली, हे सगळं खरं. पण माझ्या मते खरी मेख वेगळी आहे. नाशिकला मुंबईचं गिऱ्हाईक मिळालं, जसं नापाला सॅन फ्रान्सिस्कोचं. शनिवारी सकाळी निघा, संध्याकाळी झिंगून परत या. पलूसला पुण्याहूनच चार-पाच तास लागतात.

भावाकडे याचंही उत्तर होतं. ‘साताऱ्याला जमतं, तर आपल्याला का न्हाय?’ त्याचा रोख महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीकडे. मुद्दा बिनतोड वाटला, कारण तिथल्या ‘कामारोसा’, ‘स्वीट चार्ली’ याही अमेरिकन जाती. कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडाच्या विद्यापीठांत तयार झालेल्या. पण क्रम बघा. महाबळेश्वर इंग्रजांनी हवा खायला वसवलं ते एकोणिसाव्या शतकात. गर्दी आधी होती, तिला बाउलमध्ये क्रीम घालून स्ट्रॉबेरी द्यायची होती. आमच्याकडे द्राक्षं आहेत, गर्दी बोलवायची आहे. आणि गर्दी आलीच, तरी गाव काय म्हणेल? बाटली आडवी करायला बायका मतदान करतात तो हा मुलूख. 2022 च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाईन विकायचा निर्णय झाला तेव्हा राज्यात केवढा गदारोळ उठला, आठवतोय ना?

मी त्याला फ्रेस्नोचीच गोष्ट सांगितली, कारण आपलं भविष्य बघायचं तर ते तिकडे दिसतं. तिथे जादा बेदाणा बाजारात येऊन भाव पडू नये म्हणून सरकारी समिती पिकाचा काही हिस्सा राखून ठेवायला लावायची. 2002-03 च्या हंगामात तब्बल 47 टक्के! मार्विन हॉर्न नावाचा शेतकरी ‘देत नाही’ म्हणाला, सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 2015 मध्ये जिंकला. तोवर त्याच्या आसपासचे कितीतरी जण वेली उपटून बदामाकडे वळले होते. बेदाणा म्हणजे काही फिक्स डिपॉझिट नाही.

‘मग तू काय म्हणतीस? दोन्ही नको?’ भाऊ वैतागला. त्याचं वैतागणं मला कळतं. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या पावसानं फुलोऱ्यातली बाग गेली, तेव्हा तो बारावीत होता. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो आणि तासगावच्या सौद्यात त्याचा भाव तो ठरवत नाही. त्याला एकदा तरी स्वतःच्या नावाचं लेबल असलेलं काहीतरी विकायचं आहे. यात वेडेपणा काय आहे? मी स्वतः दुसऱ्यांच्या लेबलची सॉफ्टवेअर विकते.

मी आकडे मांडून दाखवले. दोन एकर नको, आठ गुंठे लाव. कंपनीशी करार नको. आपला बेदाणा आपल्या नावानं पाकिटात भर, पुण्यात ऑफिसांत मी खपवते. त्यातून पैसा उरला तर वाईनचं पुढचं बघू. काका कोपऱ्यात पेपर वाचत होते. आठ गुंठे ऐकल्यावर त्यांनी पेपर खाली घेतला आणि एवढंच विचारलं, ‘कुठल्या रानात?’

काकू म्हणाल्या, उसाला हात लावायचा नाही. बोलणी सध्या तिथेच अडली आहेत. पाकिटांचं डिझाइन मात्र भावानं दुसऱ्या दिवशीच पाठवलं. वर ठळक अक्षरात लिहिलंय ‘फ्रेस्नो’, आणि खाली, बारीक टायपात, तालुका तासगाव.