सहाशे ग्रॅमची आई

आज दिवसभर डोक्यात एकच घोळतंय: सोनेरी सिंह टॅमरिन. ब्राझीलच्या किनारी जंगलातलं हे माकड जेमतेम ६०० ग्रॅमचं. एवढ्याशा पोटात बहुधा जुळी वाढतात, तीही सव्वाचार महिन्यांत!

पण पोटात काय चाललंय ते वरून फारसं कळत नाही. धरून तपासावं तर मादी घाबरून कासावीस होते. भूल द्यावी तर तोही धोकाच. म्हणून अशा छोट्या माकडांना प्राणिसंग्रहालयांत सोनोग्राफीची हळूहळू सवय लावतात. आवडीचं फळ खाता खाता ती थांबते, पोटाला जेल लागतं आणि पडद्यावर दोन इवली हृदयं लुकलुकू लागतात. पिल्लं किती, वाढ नीट आहे ना, ठोके चालू आहेत ना, सगळं तिला न दुखवता समजतं. बाळंतपण अडायची चिन्हं असली तर डॉक्टर आधीच सावध होतात.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जंगलात अवघी दोनेकशे टॅमरिन उरली होती. १९८४पासून प्राणिसंग्रहालयांत जन्मलेली माकडं तिथे सोडली गेली आणि त्यांचा वंश आज रानात नांदतो आहे. म्हणूनच एकेक गर्भ मोलाचा आहे. पण पिल्लांना परतायला जंगलच उरलं नाही, तर ही सारी काळजी फुकट. आधी जंगल राखलं पाहिजे.