हस्कीचा विसार

सांगलीच्या गणपती पेठेत हळद आणि बेदाण्याची अडत करणाऱ्या एका घरात गेल्या फाल्गुनात एका कुत्र्याचा प्रश्न उपस्थित झाला. आरंभी तो कोणालाच मोठा वाटला नव्हता. मोठा मुलगा शिक्षणासाठी बंगळुरूला गेल्यापासून माडी रिकामी झाली होती आणि तेरा वर्षांची धाकटी मुलगी हळूहळू अबोल होत चालली होती. शाळेतून आली की ती दार लावून बसे. वडिलांचे दिवस बेदाण्याच्या सौद्यांचे. पहाटे बाहेर पडलेला माणूस सूर्यास्तापूर्वीच्या भोजनालाही कसाबसा पोहोचे. एका सायंकाळी तिचा चेहरा पाहून ते म्हणाले, "तू मागशील ते देईन." मुलीने क्षणभरही विचार न करता निळ्या डोळ्यांचे हस्कीचे पिलू मागितले.

वडिलांच्या लेखी कुत्रा म्हणजे कुत्रा. त्यांनी पुण्यातील एका विक्रेत्याशी फोनवर बोलणे केले आणि दहा हजार रुपये विसार पाठवून दिला. पिलू त्या वेळी पाच आठवड्यांचे होते, आणि आठ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी पिलू विकू नये असा केंद्र शासनाचा २०१७ सालचा नियम आहे. त्यामुळे मध्ये तीन आठवडे मिळाले. ते मिळाले नसते, तर हे पिलू विचारापूर्वीच घरात आले असते, जसे ते बहुतेक घरांत येते.

मुलीने या प्राण्याचा अभ्यास मात्र मनापासून केला होता. सैबेरियाच्या ईशान्य टोकाला राहणाऱ्या चुकची लोकांनी बर्फावरून गाड्या ओढण्यासाठी ही जात पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. १९२५ च्या जानेवारीत अलास्कातील नोम गावी घटसर्पाची साथ आली, तेव्हा वीस गाडीवानांनी कुत्र्यांच्या गाड्यांवरून सुमारे १,०८५ किलोमीटर अंतर साडेपाच दिवसांत तोडून औषध पोहोचवले. त्यांतील बाल्टो नावाच्या कुत्र्याचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये आहे. हे सारे तिने जेवताना सांगितले. आप्पांनी, म्हणजे तिच्या आजोबांनी, ते लक्षपूर्वक ऐकले आणि एवढेच विचारले, "जो प्राणी इतका धावतो, तो आपल्या माडीवर काय करील?"

त्या प्रश्नापासून खरी चौकशी सुरू झाली.

काकांना वाटत होते, चला, गोदामाला राखण होईल. पशुवैद्यांनी त्यांचा भ्रम दूर केला. हस्की राखणीच्या कामाचा नाही; अनोळखी माणसाचेही तो आनंदाने स्वागत करतो. तो भुंकतो कमी, परंतु लांडग्यासारखा सूर लावतो, आणि एकटा पडला की पुष्कळ लावतो. कुंपणावरून उडी मारणे, खालून माती उकरून निसटणे यांत तो तरबेज असतो. लहान प्राणी आणि पक्षी यांच्यामागे धावण्याची प्रेरणा त्याच्यात उपजत असते. हे ऐकून आजी गप्प झाल्या. गेली तीस-पस्तीस वर्षे त्या रोज सकाळी गच्चीवर पाखरांना ज्वारी टाकत आल्या आहेत.

आहाराचा प्रश्न याहून बिकट निघाला. कुत्रा माणसाच्या संगतीत राहून पिष्टमय अन्न पचवू लागला हे खरे. तथापि मासे आणि सीलचे मांस यांवर वाढलेल्या ध्रुवीय जातींत ही क्षमता तुलनेने कमी आढळते. शिवाय हस्कीला जस्ताच्या कमतरतेतून होणारा त्वचारोग जडण्याचा संभव अधिक, आणि डाळी व धान्ये यांतील काही घटक अन्नातील जस्त शरीरात शोषले जाऊ देत नाहीत. पशुवैद्य प्रामाणिक होते. शाकाहारावर कुत्रा जगतच नाही, असे ते म्हणाले नाहीत. मोजून-मापून तयार केलेला संतुलित आहार, वरचेवर तपासणी आणि सतत लक्ष असेल तर तो जगू शकतो, असे त्यांनी सांगितले. दूध-भाकरी किंवा वरण-भात वाढून त्याला आपल्या पंगतीला बसवावे, एवढे ते सोपे नाही. त्यातही हे वाढीचे पिलू. मांस घरात येणे शक्य नव्हते, आणि त्याला अर्धपोषित ठेवणे कोणालाच रुचणारे नव्हते.

आप्पांचा स्वाध्याय तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायापर्यंत आला होता. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार तेथे सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. हे वाचताना आपल्यापुढे बैल आणि घोडे उभे राहतात. लाडाने आणलेल्या कुत्र्याचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. आप्पांनी निर्णय दिला नाही. मुलाला ते म्हणाले, "साखळीने बांधले तरच बंध होतो का रे? आणि पोट भरले, पण जे लागते ते मिळाले नाही, तर त्याला काय म्हणायचे?" मुलाने उत्तर दिले नाही.

घरात मुनिमहाराजांच्या आहारासाठी चौका लागतो, ही आजींची अडचण होती. हस्कीच्या अंगावर दुहेरी केसांचा थर असतो आणि वर्षातून दोनदा आतला थर पुंजक्यापुंजक्यांनी गळतो. ओंजळीतील आहारात एक केस निघाला की अंतराय होतो. महाराज तसेच उपवासी परततात. आजींनी हे एकदाच सांगितले, पुन्हा काढले नाही. नातीचे मन त्यांनाही मोडायचे नव्हते.

मुलीनेही आपली बाजू सोडली नाही. "तू पहाटे उठणार का?" असे आईने विचारल्यावर दुसऱ्या दिवसापासून ती साडेपाचला उठून आयर्विन पुलापर्यंत धावत जाऊ लागली, कुत्रा नसतानाच. पंधरा दिवसांत एकही खाडा झाला नाही. उणीव तिच्यात नव्हती, हे सर्वांना दिसले. त्यामुळे नकार देणे अधिकच अवघड झाले.

काकांनी एक युक्ती काढली. उकाड्याचे दोन महिने पिलाला शीतगृहात ठेवावे. आपला माल तेथेच तर असतो! सारे हसले. पशुवैद्य मात्र हसले नाहीत. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याला विषासमान असतात, थोडे खाल्ले तरी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, असे ते म्हणाले. त्या कुटुंबाच्या मालकीची एकमेव गार जागा नेमकी त्याच्या विषाने भरलेली होती.

शेवटी विश्रामबागेतील एका ओळखीच्या घरी तीन वर्षांचा हस्की आहे असे कळले, आणि बाप-लेक चैत्रातल्या एका दुपारी तेथे गेले. कुत्रा न्हाणीघरातील ओल्या फरशीवर पोट टेकून पडला होता. तो धापा टाकत होता, कारण माणसासारखा घाम त्याच्या सर्वांगाला येत नाही. धाप हाच त्याचा वारा. केस भादरूनही उपयोग नसतो, उलट उन्हापासूनचे संरक्षण जाते. वातानुकूलन यंत्र दिवसभर चालू असे. वीज गेली की घरातील माणसे ओले पंचे घेऊन धावत. फिरणे पहाटे पाचला आणि रात्री नऊनंतर. "आम्ही त्याच्यावर जीव टाकतो," घरमालकीण म्हणाल्या, "पण पुन्हा विचाराल तर आणणार नाही." तेवढ्यात कुत्र्याने मान उचलून एक लांब सूर काढला. मुलगी त्याच्याजवळ फरशीवर बसली. त्याने तिच्या मांडीवर डोके ठेवले आणि ती बराच वेळ उठली नाही.

परतताना ती म्हणाली, "बाबा, आपण घेतले नाही म्हणून ते पिलू काही सैबेरियात जाणार नाही. दुसरे कोणीतरी घेईल. त्यापेक्षा आपण तरी त्याला चांगले सांभाळू."

हा युक्तिवाद दुबळा नव्हता. वडिलांनी गाडी पुलाच्या अलीकडे बाजूला घेतली. एरवी त्यांना बोलायला सुचत नसे. पण हा प्रश्न बाजाराचा होता आणि बाजार त्यांना कळत होता. ते म्हणाले, "बाळ, मागणी असते तोवर माल येतो. आपण हे पिलू उचलले, की तो माणूस त्याच्या आईची पुढची वीण धरतो. आपल्या दहा हजारांनी त्याला तेच तर कळवले आहे. ती चूक माझी."

"पण तुम्ही शब्द दिला होता," मुलगी म्हणाली.

पेठेत त्यांच्या शब्दावर कागदाविना लाखोंचे सौदे होतात. त्यांनी मान खाली घातली. हस्की बारा ते पंधरा वर्षे जगतो. तितक्या मुदतीत मुलगी कोठल्या गावी असेल, आणि तेव्हा त्याला पहाटे कोण फिरवील, हेही ते सांगू शकले असते. परंतु दिलेला शब्द मोडणाऱ्याने फार कारणे देऊ नयेत, एवढे ते जाणत होते. "मोडतो आहे," ते म्हणाले. "माझा शब्द मी मोडतो आहे."

त्याच रात्री पुण्याला फोन गेला. विसार परत मिळणार नव्हता आणि दुसरे गिऱ्हाईक तयारच होते. मुलीने केवळ, ते कोणत्या गावचे, एवढे विचारले. वडिलांनी विचारले नव्हते. चार दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही.

पाचव्या पहाटे साडेपाचला ती खाली आली तेव्हा वडील बूट घालून ओट्यावर बसले होते. सौद्याचा दिवस होता, तरी ते पुलापर्यंत तिच्याबरोबर गेले; निम्म्या वाटेत त्यांना दम लागला आणि ती थांबली. तेव्हापासून हे चालू आहे. वाटेत एक तांबडे गावठी कुत्रे कधीमधी त्यांच्यामागून येते, कधी येत नाही. त्याबद्दल घरात अजून कोणी काही बोललेले नाही.

वर्षाचे हिशेब बंद करताना मुनीमजींनी विचारले, पुण्याचे दहा हजार कोणत्या खात्यावर टाकायचे? वडिलांनी स्वतःच्या नावे खर्च लिहायला सांगितला. दुसऱ्या दिवशी वही उघडली तेव्हा त्या नोंदीखाली पेन्सिलीने, मुलीच्या अक्षरात, एक ओळ होती: "एक कुत्रा, सांगलीत राहू शकेल असा. देणे बाकी." मुनीमजी ती खोडायला निघाले होते. वडिलांनी त्यांना खोडू दिली नाही.