परेरांच्या घरी जाण्याआधी

सुदुंबरे, ता. मावळ

ती. आक्का,


तुझं पत्र मिळालं. मुलगा शिकलेला, घर वसईच्या बागायतदारांचं, पोरीची पसंती पक्की. धर्माचंही तू मनाशी मिटवलंस, हे मला फार मोठं वाटलं. आणि अडलीस कुठं, तर आडनावापाशी! ‘परेरा म्हणजे फिरंग्याचं नाव, पाहुण्यांना काय सांगू?’ असं तू लिहिलंस. पाहुण्यांना काय सांगायचं तेच या पत्रात लिहितो. सावकाश वाच.

परेरा म्हणजे नासपतीचं झाड. कोकणी माणूस पेरूला ‘पेर’ म्हणतो, तोही याच घरातला शब्द. पोर्तुगालमध्ये कुणाच्या तरी वाड्याशी ते झाड होतं किंवा त्या झाडावरून गावाला नाव पडलं होतं. तिथल्या माणसाला लोक ‘परेरावाला’ म्हणू लागले, एवढंच. आपल्याकडं पिंपळे आणि आंबेकर झाले ते असेच.

युरोपातली आडनावं उलगडून बघितली की सगळी गावकीच निघते. इंग्रजांचा स्मिथ आणि जर्मनांचा श्मिट हे लोहार, म्युलर पिठाच्या चक्कीवाला, श्नायडर शिंपी. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा पोरगा, रॉड्रिग्ज म्हणजे रॉद्रिगोचा. डिसोझांचं नाव उत्तर पोर्तुगालमधल्या सोझा नदीवरून आलं. मच्याडो म्हणजे कुऱ्हाड, कोएल्हो म्हणजे ससा, लोबो म्हणजे लांडगा. भोसरीचे लांडगे आणि गोव्याचे लोबो नावापुरते तरी भाऊबंदच. डेन्मार्कचं राष्ट्रगीत लिहिणाऱ्या कवीचं आडनाव ओलेनश्लेगर. त्याचा अर्थ तेलबिया कुटून तेल काढणारा, म्हणजे तेली. तेली घरात जन्मलेल्या संताजी महाराजांच्या समाधीच्या गावात बसून हे वाचलं तेव्हा मला खूप बरं वाटलं. घाण्यावर बसणाऱ्या माणसाची ओळख इकडं आणि तिकडं सारखीच पडली होती.

ही नावं तिकडंही काही सनातन नाहीत. पूर्वी पोर्तुगालमध्ये बापाचं नाव बदललं की पोराचं उपनावही बदलायचं, पुढं ते गोठलं. आइसलँडमध्ये अजूनही बहुतेकांना घराण्याचं आडनाव नाही, बापाच्या नावापुढं ‘सन’ किंवा ‘दोत्तिर’ लावतात. हॉलंडमध्ये नेपोलियनने १८११ साली हुकूम काढला, तेव्हा कित्येक घरांनी पहिल्यांदा आडनाव नोंदवलं. आपल्याकडंही शाळेच्या आणि जमिनीच्या दप्तरात जे चढलं तेच कायम झालं. देहू तर आपल्या शेजारी. तुकोबांचं आडनाव आंबिले, कूळ मोऱ्यांचं, आणि वंशजांत कुणी मोरे लावतो, कुणी देहूकर. त्या घराण्याच्या थोरवीत त्यानं काय फरक पडला? संताजी महाराज चाकणचे, समाधी आपल्या सुदुंबऱ्यात, पण त्यांना ना कुणी चाकणकर म्हटलं ना सुदुंबरेकर. इटलीतला तो थोर चित्रकार लिओनार्दो मात्र ‘दा विंची’, म्हणजे विंची गावचा, विंचीकर, म्हणून जगभर ओळखला जातो.

आता वसईचं. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली. मग तिथं मिशनरी आले, गावंच्या गावं ख्रिस्ती झाली. कुठं मनानं, कुठं दडपणानं. दोन्ही घडलं आणि दोन्ही मान्य करायला हवं. बाप्तिस्मा झाला की माणसाला नवं नाव मिळे. आडनाव बहुधा धर्मपित्याचं किंवा पाद्र्याचं लागे आणि चर्चच्या वहीत चढे. तेव्हा वसईतल्या परेराच्या अंगात पोर्तुगीज रक्त आहे असं त्या नावावरून मुळीच ठरत नाही. त्याचा पूर्वज इथलाच शेतकरी, कोळी, भंडारी नाहीतर ब्राह्मण. नाव तेवढं दुसऱ्यानं लिहिलेलं.

पुढं १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज गेले, नावं राहिली. भाषा तर मुळात गेलीच नव्हती. तिथले कुपारी ख्रिस्ती घरात अजून सामवेदी बोलतात, ती मराठीचीच एक बोली. त्यांच्या म्हाताऱ्या बायका लाल लुगडं नेसतात. वसईची सुकेळी तू चाखलेलीच आहेस.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचेच. आडनाव ‘दि ब्रिटो’, अस्सल पोर्तुगीज, आणि साऱ्या बायबलचा मराठी अनुवाद त्यांच्या हातचा. ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा काही लोकांनी विरोध केला, धमक्यांपर्यंत मजल गेली. मराठीसाठी आयुष्य झिजवलेल्या माणसाला आम्ही त्याच्या नावावरून आणि धर्मावरून परका म्हणावं, याचा मला आजही संताप येतो. लेखिका सिसिलिया कार्व्हालोही त्याच मातीतल्या. कार्व्हालो म्हणजे ओकाचं झाड.

उलटंही आहे बघ. कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि टिळकच राहिले. त्यांचा बाप्तिस्मा पोर्तुगिजांच्या अमलात झाला असता, तर आज आपण त्यांना कुठल्यातरी रॉड्रिग्ज नावानं ओळखलं असतं, आणि कविता हीच असती. कोकणातले बेने इस्रायल तर यहुदी. त्यांची आडनावं किहीमकर, पेणकर, दिवेकर. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. यहुदी माणसाचं आडनाव आपल्या गावावरून पडलं तर आपल्याला कौतुक वाटतं, आणि आपल्याच माणसाचं आडनाव परमुलखातल्या झाडावरून पडलं की खुपतं. हा न्याय नव्हे, आक्का.

चावी, पगार, बटाटा हे शब्दही पोर्तुगिजांकडूनच आपल्या घरात आले. हापूस हे तर ‘अफोन्सो’ या नावाचंच मराठी रूप. पाहुणे हापूस चवीनं खातात, तेव्हा परेरा हे नावही त्यांना जड जाऊ नये.

पोरीनं लग्नानंतर कुठलं आडनाव लावावं हे तिचं तिला ठरवू दे. कायद्यानं नाव बदलायची सक्ती नाही. त्यावरून बैठकीत एक शब्दही काढू नकोस, आणि आमच्या भाऊबंदांपैकी कुणी काढला तर मी बघून घेईन.

पत्रिकेचा मसुदा छापायला देण्याआधी मला दाखव. मुलाचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव आणि परेरा, तिन्ही ठळक आणि स्पष्ट यायला हवीत. बैठक रविवारी सकाळी मात्र धरू नको, तेव्हा त्यांची चर्चमध्ये मिस्सा असते. शनिवार ठरव. मी तळेगावहून तुझ्याबरोबर निघेन.

तुझा,
भाऊ